जुन्या गाडीतला हीटर सुरू करण्याआधी

कोल्हापुरात जुनी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं, "हीटर काढून टाका, आपल्याकडं कशाला लागतोय?" थंडीपुरतं बघितलं तर बरोबर आहे. पण जुलैमध्ये चार माणसं घेऊन गगनबावड्याकडं निघा. ओले कपडे, ओल्या छत्र्या, वर केलेल्या काचा, बाहेर ढग रस्त्यावर उतरलेले. करूळ घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत समोरची काच आतून पांढरी झालेली असते. फडक्यानं पुसली की परत तेच. या गाड्यांना एसी नाही. काचेवर गरम, कोरडी हवा सोडणारी एकच गोष्ट त्यांच्यात असते, ती म्हणजे हीटर. म्हणून माझं मत ठाम आहे: आपल्या भागात हीटर हवा, आणि तो काचेसाठी हवा.

मात्र वर्षानुवर्षं बंद पडलेला हीटर नुसता खटका दाबून सुरू करायची वस्तू नव्हे. त्याच्या वाटेनं गाडीत विषारी वायू येऊ शकतो, उकळतं पाणी येऊ शकतं, आणि वायर जुनी असेल तर आगही लागू शकते. दसरा चौकात कोल्हापूर संस्थानची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार बघत मोठी झालेली कितीतरी पोरं आता स्वतःची ॲम्बेसेडर, फियाट, मॉरिस, जीप किंवा फोक्सवॅगन बीटल उभी करतायत. माझ्या गाड्यांच्या वेळी ही माहिती मला तुकड्यातुकड्यानं गोळा करावी लागली: थोडी मॅन्युअलमधून, थोडी उद्यमनगरातल्या रेडिएटरवाल्याकडून, थोडी वायरमनकडून. ती इथं क्रमानं देतोय. क्रम मोडू नका. पायरी ३ पुरी झाल्याशिवाय हीटरला हात घालू नका.

१. आधी बघा, उष्णता येते कुठून

बोनेट उघडा आणि हीटरच्या नळ्यांचा माग काढा. जुन्या गाड्यांत तीन जाती भेटतात.

पहिली, पाण्याची. इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी होजमधून डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. त्या छोट्या रेडिएटरला आपले मिस्त्री हीटर कॉइल म्हणतात. ब्रिटिश घडणीच्या बहुतेक इंजिनांत गरम पाण्याचा नळ सिलिंडर हेडवर असतो आणि परतीची नळी रेडिएटरच्या खालच्या होजला येऊन मिळते. इंग्लंडातसुद्धा त्या काळी कितीतरी मॉडेलना हीटर जादा पैसे देऊन घ्यावा लागे. त्यामुळं तुमच्या गाडीत हीटरच्या जागी नुसती पत्र्याची झाकणी दिसली तर काही हरवलंय असं समजू नका.

दुसरी, सायलेन्सरच्या उष्णतेची. हवेनं थंड होणाऱ्या बीटलमध्ये पाणीच नसतं. तिथं पंख्याची हवा एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या पत्र्याच्या कवचातून फिरून गाडीत येते. जुन्या फोर्ड मॉडेल ए गाड्यांना मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करून पुढं नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर) कवच चढवून केलेले असेच हीटर मिळत.

तिसरी, पेट्रोल जाळणारी. अमेरिकेतला साउथ विंड, काही बीटलमधला जर्मन एबरस्पॅखर हे त्यातले. आपल्याकडं क्वचितच दिसते, पण आयात केलेल्या गाडीत निघू शकते.

कुठली जात आहे हे कळलं की पुढची निम्मी कामं आपोआप ठरतात.

२. साहित्य आणि कागद

आकड्यात पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग वायू) दाखवणारा, बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड मीटर सगळ्यात आधी घ्या. घरात भिंतीला लावायचे नुसते वाजणारे अलार्म गाडीला पुरत नाहीत. ७० पीपीएमवर वाजायला ते एक ते चार तास घेऊ शकतात, त्यांची रचनाच तशी असते. याशिवाय मल्टिमीटर, चांगली हातातली बॅटरी (टॉर्च), छोटा आरसा, साबणाचं पाणी, नवे हीटर होज आणि क्लिपा, लाइनमध्ये बसणारा फ्यूज होल्डर, एक किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक आणि गाडीच्या बॅटरीची जोडणी तोडायचा स्विच. अग्निशामक डिकीत ठेवू नका, चालकाच्या सीटखाली पट्ट्यानं बांधा.

कागदांत मूळ आरसी, विमा आणि चालू पीयूसी. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि तुम्हाला ती विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर जुलै २०२१ मध्ये आलेले केंद्राचे नियम वाचून घ्या. फॉर्म २० मध्ये परिवहन पोर्टलवर अर्ज, सोबत जुनी आरसी आणि विमा, आयात गाडीला बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद). नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच बाहेर काढता येते. त्यात अट अशी आहे की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. त्यामुळं दुसऱ्या गाडीचा हीटर बसवायला फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) कापायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि निघालेला प्रत्येक मूळ भाग डब्यात नाव घालून ठेवा.

३. हीटरच्या आधी सायलेन्सर

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, गाडीत हीटर कुठल्याही जातीचा असो.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जुन्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. ३ टक्के म्हणजे ३०,००० पीपीएम. माणसाच्या जिवाला तात्काळ धोका मानतात तो १,२०० पीपीएमला. पीयूसी पास झालेल्या गाडीच्या सायलेन्सरला बारीक भोक असेल आणि त्याचा थोडासाच धूर आत येत असेल तरी काय होईल, ते या दोन आकड्यांवरून बघा. "वास आला की काच खाली करू" हा हिशोब इथं चालत नाही. वास येतो तो जळक्या तेलाचा आणि कच्च्या पेट्रोलचा. तो आला नाही म्हणजे वायू नाही, असं नाही.

तपासणी अशी करा. सकाळी इंजिन थंड असताना, उघड्यावर, गाडी सुरू करा. एकानं जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या टोकावर काही क्षण धरावं. वाट बंद झाली की धूर दुसरीकडून निघायला बघतो. दुसऱ्यानं बोनेटपासून मागंपर्यंत कान लावत जायचं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी (सांधा घट्ट बंद करणाऱ्या पट्टीपाशी) गळती असेल तर "फुस्स, फुस्स" ऐकू येतं. इंजिनाच्या ठोक्याला ठोका मिळतो, म्हणून तो आवाज ओळखायला सोपा. नंतर इंजिन बंद करा आणि टॉर्च मारून सांधे बघा. जिथं गळती आहे तिथं काजळीचा काळा फराटा असतो, सांध्यापासून सुरू होऊन मागं पुसट होत गेलेला. उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी मला तो बोटानं दाखवला होता: "मालक, हितनं फुटतंय बघा. आवाज न्हाई, पण काळं सांगतंय." ते फराटे खडूनं खूण करून ठेवा आणि एकेक करून बंद करा. चिंधी, एमसील, पत्र्याची पट्टी असले तात्पुरते उपाय नकोत. गॅस्केट नवी घाला, नळी कुजली असेल तर नळी बदला. कोल्हापुरात नळी वाकवून वेल्ड करून देणारे भरपूर आहेत, खर्चही फार नाही.

मग आतून फ्लोअर बघा. मॅट आणि खालचं वाळलेलं नमद्याचं अस्तर उचला. गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं असतं, क्लच आणि ब्रेक पेडलच्या भोकांतली रबरं गळून गेलेली असतात, फायरवॉलमधून वायर गेल्यात तिथली रबरी कडी नसते. रात्री गाडीखाली पेटता टॉर्च ठेवून आत अंधारात बसा. जिथून उजेड येतो तिथून धूरही येतो. डिकीचं रबर विसरू नका. चालत्या गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथंच घुटमळतो. डिकीचं रबर सैल असलं की तो मागच्या सीटवरून पुढं येतो. लहान मुलं बहुतेक मागंच बसतात.

जुन्या गॅस्केट, नळ्यांवरचे दोर आणि उष्णतेचे पॅड यात ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते) असण्याची दाट शक्यता धरा. कोरडं खरवडू नका, कंप्रेसरची हवा मारू नका. पाणी मारून भिजवा, एफएफपी३ दर्जाचा मास्क लावा, निघालेला कचरा ओला असतानाच पिशवीत बंद करा. वर्कशॉपमधल्या पोरालाही मास्क द्या. तो मागणार नाही, तुम्हीच द्यायचा.

४. पाण्याचा हीटर

कॉइल काढून रेडिएटरवाल्याकडं न्या आणि समोर उभं राहून तपासून घ्या. एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलकी हवा सोडतात आणि कॉइल पाण्याच्या टाकीत बुडवतात. बुडबुडे टाकीच्या शिवणीतून आले तर डाख लावून काम होतं. मधल्या बारीक नळ्यांतून, दोन-तीन ठिकाणांहून मोत्यांच्या माळेसारखे आले तर पितळ आतून सडलंय. ती कॉइल नव्यानं बांधून घ्या. हवेचा दाब किती लावायचा हे आधीच सांगा, कारण पुढचा मुद्दा त्याच्याशीच जोडलेला आहे.

जुन्या गाड्यांचं रेडिएटरचं झाकण ४ किंवा ७ पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं माप) असतं. ते हरवलेलं असलं की दुकानदार हाताला येईल ते १३ किंवा १५ पीएसआयचं आधुनिक झाकण देतो. ते बसतंही नीट. पण सगळा वाढीव दाब सगळ्यात अशक्त जागी जातो, आणि ती जागा म्हणजे चालकाच्या पायाजवळची कॉइल. ८५-९० अंशाचं पाणी घाटात पायावर फुटलं तर माणूस ब्रेक दाबू शकत नाही. झाकणावरचा आकडा मॅन्युअलशी जुळवून बघा, मग कॉइल तेवढ्याच दाबाला किंवा किंचित वर तपासून घ्या.

दुसरा सापळा हळदीचा. रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायची, हा आपल्याकडचा जुना रस्त्यावरचा इलाज. घरी पोचेपर्यंत तो चालतो. पण ती हळद हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते आणि मग हीटर कधी गरमच होत नाही. गळती थांबवायच्या पुड्यांचंही तेच. जुनी गाडी घेतल्यावर पाणी काढून बघा. पिवळट गाळ आला तर पूर्ण फ्लश करा. बोअरचं पाणी घालू नका, त्याच्या क्षारानं नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. फ्लश केलेलं पाणी गटारात किंवा अंगणात ओतलं तर कुत्री आणि जनावरं चाटतात, तेव्हा ते डब्यात धरून ठेवा.

होज हीटरचाच घ्या. बागेची नळी किंवा पेट्रोल पाइप मापाला बसतो, पण गरम पाण्याला टिकत नाही. होज मॅनिफोल्डपासून लांब, पत्र्याच्या कडेला न घासता न्या.

कॉइल गळतेय हे कसं ओळखायचं? काचेवर वाफेऐवजी तेलकट थर धरतो, पुसला तरी पसरतो, आणि गोडसर वास येतो. रस्त्यात असं झालं तर हीटरचा नळ बंद करा. नळ अडकला असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मग कॉइलचे दोन्ही होज काढून ते तांब्याच्या तुकड्यानं एकमेकांना जोडा आणि पाणी भरा. तसा तुकडा आणि दोन क्लिपा गाडीत कायम असू द्या.

५. बीटल आणि सायलेन्सरच्या उष्णतेचे हीटर

इथं हवा आणि धूर यांच्यामध्ये फक्त एका नळीचा पत्रा असतो. तो आतून कुजला की धूर थेट पायाशी येतो. कवचाच्या आतला भाग बाहेरून दिसत नाही, त्यामुळं इंजिन खाली उतरवलेलं असेल तेव्हाच हीट एक्स्चेंजर (ही नळी आणि तिचं कवच मिळून होणारा भाग) सुटे करून तपासा. हलवल्यावर आत गंजाचा खुळखुळाट झाला, आरशातून भोक किंवा चीर दिसली, किंवा एक्झॉस्टच्या वाटेत सोडलेली हवा कवचातून बाहेर आली, तर ते बाद. त्यावर ठिगळ वेल्ड करून घेऊ नका. आतला सांधा नीट झाला की नाही हे नंतर कुणालाच तपासता येत नाही. नवा जोड मिळेपर्यंत गरम हवेच्या दोन्ही वाटा पत्र्याच्या झाकणानं पक्क्या बंद ठेवा. नुसता लिव्हर बंद करून भागत नाही. त्या झडपा इतक्या वर्षांनी पूर्ण मिटत नाहीत.

व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तेल गळून एक्स्चेंजरवर पडलं तरी जळका वास गाडीत येतो. ती गळती आधी बंद करा, म्हणजे खरा धुराचा वास आला तर लक्षात येईल.

६. पेट्रोल जाळणारा हीटर

वापरू नका. इंधनाची नळी दोन्ही टोकांना बंद करा, वायर काढा आणि हीटर जागेवर दिसायला राहू द्या. मूळ निर्मात्याच्या पद्धतीनं त्याचं काम शिकलेला माणूस मिळाला तरच पुढचा विचार.

७. वायरिंग

गाडीची बॅटरी काढा, मगच सुरुवात करा. आधी दोन गोष्टी बघा: गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, आणि बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक जोडलंय. जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक बॉडीला असायचं. मधल्या काळात कुणीतरी ते उलटं केलेलं असू शकतं. आताच्या चुंबकाच्या मोटरीला उलटी जोडणी मिळाली तर पंखा उलटा फिरतो आणि हवा नीट येत नाही. मग मिस्त्री मोटर खराब म्हणून मोकळा होतो.

सुती वेष्टणाच्या वायरी वाकवून बघा. वेष्टण तडकलं की ती वायर बदला, तिच्यावर टेप गुंडाळू नका. फ्यूजच्या बाबतीत खास सांगतो: लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो आकडा फ्यूज उडण्याचा. सतत वाहायला तो साधारण १७ अँपिअरचाच. त्याच्या जागी आताचा ३५ चा फ्यूज घातला तर तो सतत ३५ वाहू देतो आणि फ्यूजच्या आधी वायर पेटते. ब्लोअरला स्वतःचा वेगळा १० अँपिअरचा फ्यूज द्या. वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी कडी घाला. कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंपाच्या खालून वायर नेऊ नका.

ऑनलाइन मिळणारे, लायटरच्या सॉकेटला लावायचे १५० वॉटचे हीटर जुन्या गाडीला लावू नका. १२ व्होल्टवर तो साडेबारा अँपिअर ओढतो. त्या काळच्या लुकास डायनॅमोची (इंजिनावर फिरून वीज देणाऱ्या यंत्राची) क्षमता १९ ते २२ अँपिअर, तीही इंजिन वेगात असताना. पावसात हेडलाइटला साडेसात अँपिअर, वर वायपर, हॉर्न, ब्रेकचे दिवे. घाटात कमी वेगावर बॅटरी उतरते, जुनं सॉकेट तापून वितळतं, आणि एवढं करून काच काही साफ होत नाही.

८. पहिली चाचणी

उघड्या मैदानात करा. गॅरेजमध्ये शटर बंद करून नको, अर्धं उघडं ठेवूनसुद्धा नको. मीटर बाहेर सुरू करून शून्य दाखवतोय याची खात्री करा, मग पुढच्या सीटवर डोक्याच्या उंचीला ठेवा. इंजिन गरम होऊ द्या, काचा वर, हीटर बंद, आकडा बघा. मग हीटर आणि ब्लोअर सुरू करून पुन्हा. मग मागच्या सीटवर. मग शिरोलीच्या बाजूला हायवेवर एक चक्कर. गाडी उभी असताना शून्य आणि चालताना वाढतो, असं डिकीच्या रबरामुळं नेहमी होतं. आकडा बाहेरच्या हवेपेक्षा सतत वर राहत असेल तर पायरी ३ ला परत जा. मी ९ पीपीएमच्या वर गेलेली गाडी घरच्यांना घेऊन बाहेर काढत नाही.

९. घाटात वापरताना

काचेवर हवा सोडायची झडप पूर्ण उघडा, पायाकडची बंद ठेवा. पुढची त्रिकोणी काच थोडी उघडी ठेवा म्हणजे ताजी हवा पुढून आत येते आणि ओली हवा बाहेर जाते. फक्त मागची काच उघडू नका, ती धूर आत ओढते. आंबा किंवा फोंडा घाटात वाहतूक तुंबली तर हीटर आणि इंजिन दोन्ही बंद करा. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

गाडीतल्या एकाहून अधिक माणसांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, डोळ्यांवर झापड आली, तर घाट लागला असं समजू नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि १०८ ला फोन करा. कोरोनापासून घराघरात असलेला पल्स ऑक्सिमीटर इथं फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच दिसतं आणि आकडा ९८-९९ येतो. तो बघून थांबू नका. दवाखान्यात पोचल्यावर "गाडीत धूर आला असावा" हे स्वतः सांगा, म्हणजे डॉक्टर त्याची वेगळी रक्ततपासणी करतील.

पायरी ३ ची तपासणी दरवर्षी मेच्या शेवटी, पावसाच्या आधी करा. होज दाबून बघा, कडक किंवा फुगलेला वाटला तर बदला. मीटरवर सेन्सरची मुदत छापलेली असते, ती संपली की मीटर नवा घ्या, बॅटरी बदलून चालत नाही.